घार किती उंच, पाणकावळा किती खोल: शिंप्याच्या हिशेबानं माप घ्यायची रीत

चोडणच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली की कुणी ना कुणी मान वर करून म्हणतोच, "ती घार बघ, किलोमीटरभर तरी वर असेल." खाली पाणकावळ्यानं बुडी मारली की दुसरा म्हणतो, "गेला तळाला, आता पाच मिनिटं काही वर येत नाही." मी शिंपी. पणजीत बत्तीस वर्षं दुकान चालवतोय. गिऱ्हाईक कितीही ठामपणे "कंबर चौतीस" म्हणालं तरी टेप लावल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही, कारण चौतीस सांगणारे निम्मे लोक सदतीस निघतात. घारीचं तसंच, फक्त उलट्या बाजूनं. जिला सगळे किलोमीटरभर म्हणतात ती बहुतेक वेळा दीडशे मीटरवर असते.

हे मला कळलं ते भाचीमुळे. ती दहावीला होती आणि त्रिकोणमितीवर खार खाऊन होती. "मामा, साइन-कोसाइन तुझ्या दुकानात कधी लागतं का?" दुकानात लागत नाही, पण फेरीत लागतं, असं मी म्हणून गेलो आणि मग ते खरं करून दाखवणं भाग पडलं. आता ती कॉलेजात आहे आणि पत्रिका माझ्याकडेच राहिली आहे.

पत्रिका म्हणजे खरोखर लग्नपत्रिका. जाड कार्डाची, सोनेरी गणपतीवाली, जी फेकवत नाही आणि ठेवून उपयोगही नसतो, ती घ्या. तिच्या एका कडेला ब्लेडनं खाचा पाडा: 2, 3, 4, 5, 6, 8 आणि 10 मिलिमीटर रुंदीच्या. खोली सेंटिमीटरभर पुरे. खाचेच्या खाली पेनानं तिचा आकडा लिहा. खाचा पाडताना घाई करू नका, 4 ची खाच साडेचारची झाली तर पुढचं सगळं गणित सैल बसतं. मी प्रत्येक खाच फूटपट्टीवर तीनदा तपासली, दोन पत्रिका वाया गेल्या.

मग पत्रिकेच्या मधोमध सुईनं भोक पाडून दोरा ओवा आणि पत्रिकेपासून बरोबर 60 सेंटिमीटरवर गाठ मारा. गाठ दातांत धरायची, पत्रिका हातानं पुढे ढकलून दोरा ताणायचा, म्हणजे डोळा आणि पत्रिका यांतलं अंतर दर वेळी तेच राहतं. नुसत्या लांबवलेल्या हातावर विसंबलात तर सकाळी 62 आणि दमल्यावर 55 भरेल. दोरा जाड घ्या, गोधडीचा चालतो. नायलॉनचा नको, ताणला की लांबतो. अरबी समुद्रातले जुने दर्यावर्दी अशीच गाठींची दोरी दातांत धरून लाकडी फळीनं ध्रुवताऱ्याची उंची मोजत आणि त्या साधनाला 'कमाल' म्हणत, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तोवर फेरीवरचा खलाशी मला रोज विचारायचा, "शिंपीबाब, मळब मेजतात?" मळब म्हणजे आभाळ. मी दोरा दातांत असल्यामुळे उत्तर देऊ शकत नसे.

आता घार खाचेत बसवा. एक डोळा मिटा, पंखाचं एक टोक खाचेच्या डाव्या कडेला लावा आणि दुसरं टोक उजव्या कडेला टेकतं ती खाच शोधा. घार घिरट्या घेत असते, त्यामुळे पंख कधी पूर्ण दिसतात, कधी तिरपे, आखडलेले. एका गिरकीत तीन-चार वेळा बघा आणि सगळ्यात मोठं आलेलं माप धरा. बाहीचं माप हात वाकवून घेत नाहीत, तसंच हे.

हिशेब असा. ब्राह्मणी घार, म्हणजे तांबूस अंगाची आणि पांढऱ्या डोक्याची, आपल्या मांडवीवर सगळ्यात जास्त दिसते ती. तिच्या पंखांचा पसारा सुमारे 1 मीटर 20 सेंटिमीटर. त्याला 600 मिलिमीटरच्या दोऱ्यानं गुणलं की 720 येतात. या 720 ला खाचेच्या आकड्यानं भागलं की घार तुमच्यापासून किती मीटरवर आहे ते निघतं. खाच 6 ची असेल तर 120 मीटर, 4 ची असेल तर 180. साधी काळपट घार थोडी मोठी, तिला 840 धरा. पांढऱ्या पोटाचा सागरी गरुड चांगला दोन मीटरांचा, त्याला 1200. हे तीन आकडे मी पत्रिकेच्या मागे वधूवरांच्या नावांखाली लिहून ठेवलेत.

पक्षी ओळखण्यात चूक झाली तर मात्र सगळंच चुकतं. पहिल्या हिवाळ्यात दोनापावलाच्या धक्क्यावर एक तपकिरी पक्षी दिसला. 6 ची खाच भरली. मी घार समजून 140 मीटर जाहीर करून टाकले, आजूबाजूला चार माणसं होती, मलाही जरा चेव आला होता. माझं एक गिऱ्हाईक, निवृत्त हेडमास्तर, शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "शेपूट बघा." शेपूट आखूड, पाचरीसारखं. पंख वर उचललेले, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. तो सागरी गरुडाचं अर्धवट वयाचं पिल्लू होतं, अजून पांढरं न झालेलं. म्हणजे 200 मीटर. एका नजरचुकीत साठ मीटर कमी. तेव्हापासून आधी शेपूट, मग खाच. काळपट घारीचं शेपूट दुभंगलेलं, ब्राह्मणीचं गोलसर, गरुडाचं पाचरीसारखं.

पण हे झालं अंतर. उंची अजून निघालेली नाही. घार डोक्यावर नसून समोर आभाळात असेल तर अंतर तिरपं असतं. त्यासाठी भाचीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला. त्याच्या मधल्या भोकातून दोरा ओवून खाली कोटाचं जड बटण बांधलं. कोनमापक उलटा धरून सरळ कडेवरून घारीकडे बघायचं आणि लोंबता दोरा कुठल्या अंशावर येतो ते दुसऱ्याला वाचायला सांगायचं. तो आकडा 90 मधून वजा केला की कोन मिळतो. कोन 30 अंश असेल तर उंची अंतराच्या निम्मी. 45 असेल तर दहात सात हिस्से. 60 च्या आसपास असेल तर दहात जवळजवळ नऊ. 75 च्या पुढे अंतर तीच उंची समजा. कोनमापक नसेल तर हात लांब करून मूठ धरा, एका मुठीला साधारण दहा अंश. मी आता मुठीवरच भागवतो.

नोव्हेंबरातलं एक माप सांगतो. सव्वादहा वाजलेले, रायबंदरच्या धक्क्यावर उभा, ब्राह्मणी घार, खाच 5 ची, सहा मुठी वर. 720 भागिले 5 म्हणजे 144. त्याचे दहात जवळजवळ नऊ हिस्से म्हणजे सुमारे 125 मीटर. माडावर माड असे सहा उभे केले तर तिच्यापर्यंत पोचतील. फेरीतली माणसं तिला किलोमीटरभर म्हणत होती.

वेळ दहाच्या पुढचीच धरा. सकाळी सातला घारी खांबांवर, माडांवर बसून असतात, कारण वर चढायला लागणारी गरम हवा तोवर तयार नसते. कदंब पठारावरचा जांभा दगड उन्हानं तापला की त्याच्यावरची हवा फुगून वर निघते आणि घार त्या हवेत शिरून गोल गोल फिरते. पंख हलवत नाही, लिफ्टमध्ये उभी राहिल्यासारखी चढते. या घिरट्या सूर्याच्या बाजूला गेल्या तर पत्रिका खाली ठेवा. दुर्बीण तर त्या दिशेला नेऊच नका, डोळा परत शिवता येत नाही.

2 च्या खाचेतही घार सैल बसायला लागली की मी मोजणं थांबवतो. त्या मापाला अर्ध्या मिलिमीटरची चूकसुद्धा शंभर मीटर फिरवते. वहीत "350 च्या वर" एवढंच लिहितो.

आता पाण्याकडे.

पाणकावळ्यासाठी फेरीपेक्षा मानस बरी. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: खाजण शेतीच्या बांधाला भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर करायला लाकडी दार असतं, ती मानस. ओहोटीला तिच्यातून पाणी सुटतं, त्याबरोबर मासळी येते आणि मासळीमागे पाणकावळे. बांधावर बसून मोजता येतं, दहा-पंधरा पावलांवर पक्षी असतो. पाण्यात पाय सोडून मात्र बसू नका. मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी आहेत. फोंडा तालुक्यातल्या काही गावांत मातीची मगर करून तिची पूजा करतात, 'मानगें थापणी' म्हणतात त्याला. पूर्वजांनी ती उगाच सुरू केलेली नसणार.

इथे दोन मापं लागतात, वेळेचं आणि पाण्याचं. पाण्याचं आधी घ्या. तंगुसाच्या टोकाला जुना लोखंडी नट बांधा आणि दर अर्ध्या मीटरला लाल दोऱ्याची गाठ मारा. रापणकार वावात मोजतात, दोन्ही हात पसरले की एक वाव. पण माझा वाव आणि कोळ्याचा वाव सारखा नाही, मी टेपच वापरतो. नट तळाला टेकला की गाठी मोजा आणि वेळ लिहा, कारण भरती-ओहोटीत दीड-दोन मीटरांचा फरक पडतो. सकाळचं माप दुपारी चालत नाही.

मग पक्ष्यावर नजर ठेवा. पाणकावळा पोहताना अंग पाण्याखाली आणि मान वर, एवढाच दिसतो. बुडण्याआधी किंचित उसळी घेतो. ती उसळी दिसली की घड्याळ सुरू. डोकं वर आलं की बंद. तो गेला तिथेच वर येईल असं धरून बसू नका, मी पहिले आठ दिवस तसाच ठकलो. वीस पावलांचा गोल नजरेत ठेवा. छोट्या पाणकावळ्याच्या माझ्या वहीतल्या बहुतेक बुड्या आठ ते अठरा सेकंदांच्या आहेत. पाच मिनिटांची एकही नाही.

वेळेवरून खोली काढायची झाली तर ढोबळ नियम असा धरतो: सेकंदाला साधारण मीटरभर खाली, तेवढंच वर. चौदा सेकंदांची बुडी म्हणजे जास्तीत जास्त सात मीटर. पण नटानं सांगितलं होतं की मानशीबाहेर पाणी अडीच मीटर आहे. मग सात कुठून येणार? दोन्हींतला लहान आकडा खरा. उरलेला वेळ त्यानं तळाशी मासळीमागे पळण्यात घालवला. खोलीचं उत्तर नदी देते आणि घड्याळ फक्त त्याच्या दमाचं सांगतं, हे लक्षात यायला मला एक अख्खा मोसम लागला.

बाहेर आल्यावर तो खांबावर पंख पसरून बसतो. लोक म्हणतात त्याची पिसं निकृष्ट आहेत, भिजतात. शिंपी म्हणून मला हे मान्य नाही. बदकाची पिसं म्हणजे रेनकोट, त्यात हवा अडकते आणि बदक बुचासारखं तरंगतं. पाणकावळ्याच्या पिसाची बाहेरची कड पाणी पिते, आतला भाग कोरडा राहतो. म्हणजे वर सुती कापड आणि आत अस्तर. वरचं भिजल्यानं हवा निघून जाते, अंग जड होतं, बुडायला सोपं पडतं. अस्तरामुळे कातडीला गारठा लागत नाही. असं कापड मला बाजारात मिळालं तर मी घेईन. वाळत घालण्याचा त्रास आहे, तेवढा तो भोगतो.

खंड्या, सुरय, कैकर यांचं माप घ्यायचा फारसा खटाटोप करू नका. ते बुडत नाहीत, सूर मारतात. वरून पडतात, वेग असेल तेवढे आत जातात आणि लगेच बाहेर. सलीम अली अभयारण्याच्या खारफुटीत कॉलरवाला खंड्या बसतो, तो पडला की छपाक होऊन परत फांदीवर. हातभर पाणी पुष्कळ झालं. कैकर पाय पुढे करून आदळतो, तोही मीटरभराच्या आतच.

एवढं मोजून झाल्यावर साहजिकच विचारावंसं वाटतं की मग जास्तीत जास्त किती? भाचीनं हेच विचारलं. 29 नोव्हेंबर 1973 ला पश्चिम आफ्रिकेत आबिजानवर एका प्रवासी विमानाला 37,000 फुटांवर, म्हणजे सुमारे 11,300 मीटरवर, एक पक्षी धडकला. एक इंजिन बंद करावं लागलं, विमान सुखरूप उतरलं. सापडलेल्या पिसांवरून ते रुपेलचं गिधाड असल्याचं ठरलं. त्या गिधाडाच्या पंखांचा पसारा अडीच मीटरांच्या आसपास. माझ्या पत्रिकेवर तो किती दिसला असता ते मी काढलं: मिलिमीटरचा साधारण आठवा हिस्सा. शिवणाचा दोरा याहून जाड असतो. म्हणजे डोळ्यांना दिसलंच नसतं. ज्या पक्ष्याला तुम्ही जमिनीवरून "केवढा उंच" म्हणता तो खरा उंच नव्हेच. खरे उंच गेलेले कळतात ते रडारवर, पाठीवर चिकटवलेल्या यंत्रात किंवा विमानाच्या इंजिनात.

हिमालय ओलांडणाऱ्या पट्टकदंब हंसांना अशी यंत्रं लावली तेव्हा सर्वांत वरचा आकडा 7,290 मीटरचा आला. हे हंस हिवाळ्यात आपल्या शेजारी, कर्नाटकात गदगजवळच्या मागडी तळ्यावर येतात. पण मला आवडला तो दुसरा शोध. हे हंस सारखे वर राहत नाहीत. डोंगर आला की चढतात, दरी आली की मिळवलेली उंची सोडून खाली उतरतात, पुन्हा चढतात. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब निम्मा होतो, तिथे पंखांखाली धरायला हवाच कमी, म्हणून वर राहण्यापेक्षा चढ-उतार स्वस्त पडतो. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू पटकन पकडतं आणि पक्ष्यांच्या फुप्फुसात हवा एकाच दिशेनं वाहत राहते, आपल्यासारखी आत-बाहेर होत नाही. एवढं सगळं असूनही हंस गरजेपुरताच चढतो.

करमळीच्या तळ्याकाठी चिखलात पाणलावा बसतो. पायाखाली येईपर्यंत उठत नाही आणि उठला तरी वेडावाकडा उडून पन्नास पावलांवर पुन्हा चिखलात. त्याचा युरोपातला मोठा भाऊबंद, ग्रेट स्नाइप, स्वीडनहून आफ्रिकेला जाताना 8,700 मीटरपर्यंत चढल्याचं 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. रात्री खाली आणि दिवसा वर, असा त्याचा क्रम. पंख हलवून एवढी उंची, गिधाडासारखं तरंगून नव्हे. हे वाचल्यापासून करमळीला पाणलावा उठला की मी जरा आदरानं बघतो.

खोलीत पहिला नंबर सम्राट पेंग्विनचा: 564 मीटर, आणि एका बुडीचा दम 32 मिनिटांहून थोडा जास्त. वावात सांगायचं तर तीनशेच्या वर. दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे तिथे किनाऱ्यावरच्या सत्तावन्न पट. त्याची हाडं पोकळ नसून भरीव असतात, प्राणवायूचा साठा स्नायूंतही असतो आणि बुडीत हृदय मंद होतं. बदल्यात उडणं गेलं. उडणाऱ्यांत उत्तरेकडच्या गार समुद्रातला जाड चोचीचा गिलेमॉट 210 मीटरपर्यंत जातो, किलोभर वजनाचा पक्षी. पाण्यात तो पंखांनीच वल्हवतो आणि त्याच आखूड पंखांनी हवेत उडताना त्याची दमछाक होते. लांब हाताच्या माणसाला आणि आखूड हाताच्या माणसाला एकच शर्ट शिवून द्यायचा, तसला तो पंख आहे.

वहीत रकाने पाच ठेवा: तारीख-वेळ, जागा, पक्षी आणि त्याचं शेपूट, खाच किंवा सेकंद, कोन किंवा गाठी. उत्तर त्याच पानावर काढू नका, नाहीतर मनातलं उत्तर यावं म्हणून खाच बदलावीशी वाटते. मी घरी जेवणानंतर काढतो. पावसाळ्यात पत्रिका भिजून फुगते आणि खाचा अरुंद होतात, तेव्हा जुन्या फाइलच्या प्लास्टिकची दुसरी करून ठेवली आहे.

गेल्या आठवड्यात फेरी रायबंदरला लागायच्या बेतात असताना बोटीच्या डाव्या अंगाला एका पाणकावळ्यानं उसळी घेतली. घड्याळ सुरू केलं. पंधरा, अठरा. माझा आजवरचा सर्वांत लांब आकडा एकवीस. बावीस झाले तरी डोकं दिसेना. तेवीसला फळी धक्क्यावर आदळली, मागून स्कूटरवाल्यांचे हॉर्न सुरू झाले आणि खलाशी ओरडला, "शिंपीबाब, फुडें सरात!" वहीत लिहिलं आहे: 23 च्या पुढे, फेरी लागली.